द्राक्षांच्या अटीची जमीन

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रिस्टलचं जहाज न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत शिरलं, तेव्हा थॉमसिन ट्रीव आपल्या चौथ्या द्राक्षवेलापाशी उभी होती. वेल मेला होता. आधीचे तीनही मेले होते. याला मात्र तिने शेंड्यापासून रोज किती बोटं वाळतो ते मोजत निरोप दिला होता.

तिचा नवरा एलियस तिसरा मुलगा. डेव्हनमधलं शेत थोरल्याला गेलं, बैलजोडी दुसऱ्याला, आणि याच्या वाट्याला बापाचा आशीर्वाद. म्हणून ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी राजाची सनद मिळवून कंपनी काढली, तेव्हा दोघांनी अंगठे उठवले. चार वर्षं कंपनीसाठी राबायचं, मग चाळीस एकर आपले. अट एकच होती, जमिनीवर द्राक्षवेल जगलेला हवा. ही खाडी नकाशावर लंडनच्याही दक्षिणेला, फ्रान्सच्या रांगेत. तेव्हा हवाही फ्रान्ससारखीच असणार, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता.

चार वर्षं आज भरली होती. जहाजातून येणारा अधिकारी एकतर जमीन देणार, नाहीतर त्याच जहाजाने त्यांना परत नेणार. परत म्हणजे थोरल्या दिराच्या शेतावर मजुरी.

तो अधिकारी, सायमन कॅरो, किनाऱ्यावर उतरला तो पातळ रेशमी अंगरख्यात.

“बाई, हा तर वऱ्हाडाला निघालाय,” शेजारची जोन पिनक पुटपुटली.

कॅरो पाठमोरा होऊन जहाजापलीकडे बघत होता. तिथे देवळाएवढा बर्फाचा डोंगर संथपणे सरकत होता.

“हे जूनमध्ये?” त्याने विचारलं.

“जुलैतही येतात, साहेब,” थॉमसिन म्हणाली.

“पण आपण लंडनच्या दक्षिणेला आहोत.”

“हो. पण समुद्राचं पाणी उत्तरेकडून येतं. हात घालून बघा.”

त्याने हात घातला नाही.

घरात एलियसचे लोकरी मोजे चढवून, वाटाण्याचं गरम सूप पोटात गेल्यावर कॅरोने कागद उलगडला. “वेल दाखवा.”

तिने वाळकी काटकी दाखवली आणि सोबत एक लांब काठी. बादलीतल्या पाण्यावर ज्या सकाळी बर्फ धरला, त्या प्रत्येक सकाळची तिच्यावर एक खाच होती. कॅरो बोटाने मोजत गेला आणि साठाच्या पुढे थांबला.

“हे गेल्या वर्षीचं?”

“अर्ध्या वर्षाचं. मागची बाजू बघायची राहिली.”

एलियस खोकला. कॅरोने बराच वेळ नाक चोळलं. माणूस वाईट नव्हता. “असं करू,” तो म्हणाला. “जमीन ताब्यात देताना रिवाजाप्रमाणे तिचं ढेकूळ आणि फांदी हातात द्यायची असते ना? फांदी म्हणून हीच काटकी देतो. कागदावर द्राक्षाची फांदी असं लिहितो. कंपनी खूश, तुम्ही खूश.”

एलियसने लगेच हात पुढे केला.

“नको,” थॉमसिन म्हणाली.

“अगं, जमीन मिळतेय.”

“अहो, आमच्या मामाने कुरण घेतलं तेव्हा विकणाऱ्याने कुंपणाची वाळलेली काटकी दिली होती. सहा वर्षं भांडण चाललं आणि कुरण गेलं. फांदी जिवंत लागते, त्याच जमिनीत उगवलेली. मेलेल्या काटकीवर आपल्या पोरांना कुणीही हुसकून लावेल.”

“मग मी तुम्हाला परत घेऊन जायचं का?” कॅरो आता चिडला.

एलियसचा चेहरा उतरला. थॉमसिनने कागद कॅरोपुढे सरकवला. “अट खोडा, साहेब. द्राक्षांच्या जागी खारवलेला मासा लिहा. चार वर्षं जहाज इथून कशाने भरून जातंय? कंपनीला वाईनचा एक थेंब मिळालेला नाही, तरी नफा वाटला जातो.”

कॅरो कसंनुसं हसला. “माझ्या पेटीत संत्र्याची बारा रोपं आहेत. बायकोने बाग आखून दिलीय.”

“पेटी उघडू नका,” दारातून जोन म्हणाली. “उगाच रडाल.”

त्याने दौत मागितली आणि अट खोडली.

सगळे बाहेर आले. कॅरो कुदळ मारायला वाकला, तेव्हा थॉमसिनने विचारलं, “कंपनीला हे ढेकूळ कुणी दिलं होतं?”

“राजाने.”

“आणि राजाला?”

पलीकडच्या खाडीवर धूर दिसत होता. अंगाला तांबडी माती लावणारे लोक दर उन्हाळ्यात तिथे मासेमारीला येत; सनदेत त्यांचं नाव नव्हतं. कॅरोने तिकडे पाहिलं. “राजाने कुणाला विचारलं नव्हतं,” तो हळूच म्हणाला. थॉमसिनला ते खुपलं, तरीही तिने एलियसला पुढे केलं.

ढेकूळ निघालं ते दगडासकट. कॅरोने तिथेच उगवलेल्या फर या सूचिपर्णी झाडाची हिरवी, चिकट फांदी कापली आणि शेजाऱ्यांसमोर दोन्ही एलियसच्या हातांत ठेवली.

एलियस हलेना. डोळे पाझरत होते, नाकही. पुसायला हात मोकळा नव्हता.

“आता काय करायचं?” त्याने विचारलं.

थॉमसिनने कमरेला बांधलेल्या फडक्याने त्याचं नाक पुसलं. “आता ते खाली ठेवा आणि साहेबांकडून कुदळ घ्या. सलगम पेरायला आठ दिवस उशीरच झालाय.”