हिरव्या टेबलावरचा पिवळा दाणा

माझे डोळे गेले, असं धैर्यशीलदादानं अठरा बायकांसमोर सांगितलं तेव्हा माझ्या मुठीत बेदाणे होते. ते मी त्याच्या तोंडावर फेकले नाहीत, एवढाच काय तो माझा संयम.

मी विजयमाला. तासगावच्या एका बेदाणा शेडवर बावीस हंगाम निवडणी करतेय. निवडणी म्हणजे वाळलेल्या मालातून काड्या काढायच्या आणि हिरवा दाणा एकीकडे, पिवळा दुसरीकडे करायचा. हिरव्याला मान मोठा. पिवळा खायला तेवढाच गोड, पण बाजारात त्याची पत कमी. बायकांनी निवडलेली प्रत्येक पेटी गेली नऊ वर्षं माझ्यासमोर येते. मी मूठमूठ माल टेबलावर पसरून खालवर करते, आणि मी बरोबर म्हटल्याशिवाय झाकण लागत नाही. ह्या कामाला पाटी नाही, खुर्ची नाही. पण आमच्या शेडची पेटी न उघडता उचलणारे व्यापारी आहेत, ते माझ्या नजरेवर. माझ्याजवळ दुसरं काही नाही ज्याच्यावर मी मान ताठ करीन.

शेड हंबीररावांचं. ते फौजेतून आलेले, कडक माणूस. ते दोन वर्षांपूर्वी गेले आणि मुलगा धैर्यशील पुण्याहून शिकून कारभाराला आला. पोरगं वाईट नाही. पण शिकलेल्या माणसाला काहीतरी बदलल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या टेबलांवर पहिल्यापासून पांढरं मांजरपाट असायचं. ते दर आठ दिवसांनी धुवावं लागायचं, डाग पडायचे. दादानं ह्या हंगामाला ते काढून टाकलं आणि सगळ्या टेबलांवर पोपटासारखं हिरवंगार रेक्झिन मारलं.

"हिरवा माल हिरव्यावर कसा उठून दिसंल, बघा काकी," तो म्हणाला.

टेबलं दिसायला झकास झाली होती. मीही कौतुक केलं, ते कबूल करते.

तीन आठवड्यांनी सांगलीहून लियाकतभाईंचा फोन आला. हे हंबीररावांच्या वेळेपासूनचे आमचे व्यापारी. म्हणाले, "पिवळ्याच्या पेटीत निम्मा हिरवा माल आलाय. ह्यात माझा फायदाच हाय, तरी सांगतो. तुमच्या शेडचा माल असा कवा आला नव्हता."

दादा फोन ठेवून थेट माझ्याकडे आला. "काकी, तुमचं वय झालं. आता डोळं गेलं. उद्यापासून पेट्या साक्षी बघंल. तुमी काड्या काढा."

साक्षी तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन गावात आलेली. तिनं खाली मान घातली. काड्या काढायचं काम आमच्यात नवख्या बाईला देतात. मी गपचूप शेवटच्या टेबलावर जाऊन बसले. बाकीच्या बायका माझ्याकडे बघायचं टाळत होत्या, आणि ते मला दादाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी खाडा केला, एसटी धरली आणि सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथल्या पोरीनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं आणि ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावले. मी सगळे धडाधड वाचले. डॉक्टर म्हणाले, पेपर वाचायला चष्मा घ्या, बाकी नजर तरण्या पोरीसारखी आहे. कागद मी दादाला दाखवला.

"कागदावरची नजर येगळी, मालावरची येगळी," तो म्हणाला आणि कागद परत दिला.

आता मलाही शंका यायला लागली. बावीस वर्षं ज्याच्यावर भाकरी खाल्ली तोच डोळा दगा देतोय की काय, ह्या विचारानं जेवण गोड लागेना. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

पुढच्या सोमवारी लियाकतभाईंचा परत फोन आला. साक्षीनं बघितलेल्या पेट्यांतही तेच. पिवळ्यात हिरवा. साक्षी टेबलाशी बसून रडायला लागली. खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. म्हटलं, घ्या आता तरणे डोळे. पण पोरीचं नाक पुसून पुसून लाल झालं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिचा डोळा तेवीस वर्षांचा, माझा चौपन्नचा. दोघींची चूक अगदी एकसारखी कशी? मग खोट डोळ्यात नाही. दुसरीकडे कुठंतरी आहे.

मी पिवळ्याच्या ढिगातला एक दाणा उचलला आणि तळहातावर ठेवला. हिरवा. परत टेबलावर टाकला. पिवळा. मला वाटलं, दाणा बदलला. मग त्याला नजरेआड न करता दहा वेळा वरखाली केला. तळहातावर हिरवा, टेबलावर पिवळा. साक्षीला हाक मारली. तिनं डोळे पुसले, बघितलं, परत पुसले, परत बघितलं.

"काकी, ह्यो टेबलाचा खेळ हाय," ती हळूच म्हणाली. "आमाला कॉलेजात दाखवलं हुतं. डोळा रंग एकटा बघत न्हाई. शेजारी काय हाय ते धरून मेंदू रंग ठरवतो. एवढ्या भडक हिरव्याशेजारी आपला दाणा फिका पडतो, मग मेंदू म्हणतो ह्यो पिवळा."

मला ते लगेच पटलं. माझ्या लग्नाच्या फोटोत मी गोऱ्यापान जावेशेजारी उभी आहे, तिथं मी काळी दिसते. त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोत सावळ्या नणंदेशेजारी आहे, तिथं उजळ. तोंड तेच, पावडरही तीच.

बुधवारी लियाकतभाई स्वतः शेडवर आले. दादा त्यांना सांगत होता की आता निवडणीचं सगळंच नव्यानं बघावं लागेल, जुन्या बायकांकडून होत नाही. मी काड्या काढायच्या सोडून उठले. चुकले असते तर काड्यांचं टेबलही गेलं असतं, हे मला माहीत होतं.

"दादा, मी न्हाई निवडत. तुमीच निवडा," मी म्हणाले आणि ओंजळभर माल त्याच्यासमोर हिरव्या रेक्झिनवर ओतला. "यातलं वीस दाणं घ्या. हिरवं इकडं, पिवळं तिकडं."

लियाकतभाईंसमोर त्याला नाही म्हणता येईना. त्यानं बाह्या सरसावल्या आणि वीस दाणे निवडले. नऊ हिरवे, अकरा पिवळे. मी कोठीतून जुनं मांजरपाट आणून शेजारच्या टेबलावर अंथरलं होतं. ते अकरा दाणे उचलून त्याच्यावर ठेवले.

लियाकतभाई वाकले. त्यांनी एकेक दाणा बोटानं फिरवून बघितला. "हिरवा. हिरवा. ह्यो बी हिरवा. आवं, हे सगळं हिरवंच हाय की."

दादा लाल झाला. "उचलताना बदललं असतील काकींनी."

माझं टाळकं सरकलं. बावीस वर्षांत माझ्यावर चोरीचा आळ नव्हता आला. पण रागावून जिंकता येत नाही, हे मला त्या क्षणी कसं कोण जाणे कळलं. मी त्याला म्हणाले, "मग तुमच्याच हातानं एक दाणा घ्या. मी शिवत सुदिक न्हाई. सुरी घ्या आन मधोमध कापा."

त्यानं मोठा, टपोरा दाणा निवडून कापला. मांजरपाटाचं टेबल आम्ही रेक्झिनच्या टेबलाला भिडवलं. दाण्याचा अर्धा तुकडा रेक्झिनवर, अर्धा कापडावर, दोन्ही सालीची बाजू वर करून त्यानंच ठेवले. एका दाण्याचे दोन तुकडे, आणि एक पिवळा, एक हिरवा. बायका कामं सोडून भोवती जमल्या होत्या.

मग मी कालचा पेपर घेतला, बोटानं दोन भोकं पाडली आणि दोन्ही तुकड्यांवर असा धरला की रेक्झिन झाकलं, कापड झाकलं, आणि भोकांतून फक्त दाण्याचे तुकडे दिसत राहिले.

"आता सांगा, दादा. कंचा पिवळा?"

तो वाकला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. दोन्ही तुकडे एकसारखे हिरवे होते.

"पेपर काढा," तो म्हणाला. मी काढला. रेक्झिनवरचा तुकडा परत पिवळा पडला. "ठेवा." ठेवला. हिरवा. असं त्यानं मला सहा-सात वेळा करायला लावलं. शेवटी तो हताश होऊन म्हणाला, "काकी, आता मला म्हाईत हाय त्यो हिरवा हाय. तरी पिवळाच दिसतोय."

"व्हय. दिसणारच. मला बी दिसतो, साक्षीला बी, लियाकतभाईंना बी. शिकलेल्या डोळ्याला येगळं दिसंल असं वाटलं हुतं व्हय?"

लियाकतभाई इतक्या जोरात हसले की त्यांना खोकला लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "माझ्या दुकानात पांढऱ्या फरश्या हायत, म्हणून मला बरोबर दिसलं. न्हाईतर मी बी फसलो असतो." आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. एवढा मोठा व्यापारी, सगळ्यांसमोर.

दादा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काकी, चुकलं माझं. उद्यापास्नं पेट्या तुमीच बघा. रेक्झिन आजच काढतो."

दुसरी कुणी असती तर तेवढ्यावर भागलं असतं. माझं नाही भागलं. दहा दिवस मी नवख्या बाईसारखी काड्या काढल्या होत्या आणि रात्री अंथरुणात हात डोळ्यांसमोर धरून बघितला होता.

"दादा, माझं डोळं गेलं ते तुमी माझ्या कानात सांगितलं न्हवतं," मी म्हणाले. "अठरा बायकांसमोर सांगितलं हुतं."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा चिडणार. पण तो हंबीररावांचा मुलगा निघाला. एक रिकामा क्रेट पालथा घातला, त्याच्यावर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "विजयमालाकाकींचं डोळं बरोबर हायत. चूक माझ्या टेबलांची हुती, म्हंजे माझी हुती."

"आन साक्षीचं?" मी विचारलं.

"साक्षीचं बी बरोबर हायत."

"आन बाकीच्यांचं?"

त्यानं सगळ्यांकडे बघितलं. मग एकेका टेबलाकडे हात करून, एकेकीचं नाव घेऊन तो सांगत गेला. धोंडुबाईचं बरोबर, शबानाचं बरोबर, अफसानाचं बरोबर. कुणाचं नाव आठवलं नाही तर थांबून विचारून घेतलं. ज्या बायकांची नावं त्या शेडमध्ये कधी कुणी मोठ्यानं घेतली नव्हती त्या पदर सावरून उभ्या राहत होत्या. अठरावं नाव झालं तेव्हा सगळं शेड हसत होतं, साक्षी माझ्या खांद्याला धरून उभी होती, आणि मी रडत होते. माझ्या चांगल्या, धडधाकट डोळ्यांनी.