दाराकडची बाजू

तंबू घ्यायचा तर आधी जमिनीवर खडूने आखायचा आणि दोघांनी त्यात आडवं होऊन बघायचं, हा त्या नवराबायकोचा जुना नियम. दुकानदारांचं काय जातं? 'दोन माणसांचा' म्हणून काहीही गळ्यात मारतात. ती दोन माणसं बहुतेक काडीपैलवान असावीत. म्हणून बायको टेप घेऊन दुकानात जायची, मापं घ्यायची, घरी येऊन फरशीवर रेघा मारायची. मग हेल्मेटं, बूट, जाकिटं असा सगळा संसार घेऊन दोघं त्या चौकटीत झोपायची. कूस बदलताना रेघ पुसली गेली की तंबू नापास. एकदा एक गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं आणि दोघांना असं फरशीवर पडलेलं बघून बोंब मारतच बाहेर पळालं. त्याची सीट आठवडाभर दुकानात पडून होती.

हो, सीटच. मोटारसायकलींच्या सीट शिवायचं दुकान होतं त्यांचं. तो फोम कापायचा, ती रेक्झिन शिवायची, आणि मागच्या खोलीत दोघं राहायची. मूल नव्हतं. बाजारात तिला सगळे वहिनी म्हणत. ती नवऱ्याला तोंडावर 'अहो' म्हणे आणि पाठीमागे 'आमची स्वारी'. सुट्टी लागली रे लागली की शटर खाली आणि गाडी रस्त्याला. अर्धा रस्ता तो चालवी, अर्धा ती. रात्री तंबूत दाराकडची बाजू त्याची, कारण सकाळी पहिला उठून स्टोव्हवर चहा ठेवणारा तो. आतली बाजू तिची. तिला बाहेर जायचं असलं की ती म्हणे, "सरका हो जरा," आणि स्वारी झोपेतच गुडघे पोटाशी घेई.

जुना तंबू त्याच्याच हातून गेला. "आडवा बांधा, आडवा बांधा," म्हणून ती कानीकपाळी ओरडत होती, पण ऐकेल तर शपथ. पिशवी घसरली, सायलेन्सरला टेकली, आणि वास आला तोवर तंबूची चाळण झाली होती. पुढच्या सुट्टीत नवीन तंबू घेऊन तळ्यावर जायचं ठरलं. आणि मधेच त्याचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, गाडीचं नाव काढू नका. पुढे जिन्याचं नाव नको झालं, मग अंगणाचं. शेवटी तिने त्याची खाट दुकानातच आणून टाकली. मागच्या खोलीत त्याला करमेना.

एक दिवस खाटेवरूनच तो म्हणाला, "तंबूचं काय झालं गं?"

तिचा आनंद गगनात मावेना. वेडी! माणूस तंबूचं विचारतोय म्हणजे बरा होतोय, असा तिने सोयीचा अर्थ काढला. दुसऱ्याच दिवशी शटर ओढून ती बाजारात. एका तंबूच्या दांड्या एवढ्या लांब, की कॅरिअरवर बांधल्या तर शेजारून जाणाऱ्याच्या बरगडीत घुसतील. दुसरा असा बुटका, की आत बसून पँट चढवायची तर सर्कशीत काम केलेलं असावं लागेल. तिसरा मात्र मनासारखा निघाला. दोघांचा, दार एका कुशीला, आणि दारापुढे बुटांसाठी छानसा आडोसा. मापं घेऊन ती जवळजवळ पळतच घरी आली.

खाटेसमोर तिने खडूने चौकट आखली. दाराच्या जागी फुली मारली. मग नेहमीसारखी आतल्या बाजूला जाऊन पडली.

"बघा, ऐसपैस आहे की नाही?"

तो नुसता बघत राहिला. तिच्याकडे कमी आणि तिच्या शेजारच्या मोकळ्या फरशीकडे जास्त.

"पूस ते," तो म्हणाला. "एकटीचा आख."

"काहीतरीच काय!"

"आख म्हणतो ना."

तिने पुसलं, आणि नवी चौकट आखली. पण लबाडी केलीच. रुंदी मघाचीच ठेवली, लांबी मात्र थोडी कमी केली. आजारी माणसाला काय कळतंय! पण उभा जन्म नजरेने फोम कापलेला माणूस तो.

"हा एकटीचा नाही," तो म्हणाला. "हृदय गेलंय माझं, डोळे नाही."

मग मात्र तिचा बांध फुटला. खडू भिंतीवर फेकून ती ओरडली, "म्हणजे जायचं ठरवलंतच म्हणा ना! मला एकटीला टाकून जायचं, आणि वर तंबूही एकटीचा मीच आणायचा?"

"मी काय ठरवणार, बाई? माझ्या हातात का आहे ते?" त्याला धाप लागली. "तू तळ्यावर जाशील ना? जा. पण एकटीचा ने. माझं ऐक."

"का पण?"

"ऐक म्हटलं ना."

नीट सांगेल तर तो पुरुष कसला! आणि हिनेही कधी ऐकलंय? एकटीचा तंबू आणणं म्हणजे आपल्या हाताने त्याच्या जाण्यावर शिक्का मारणं, असंच तिला वाटलं. दोघांचा घरात असला तर दोघं राहतील. वेडी आशा हो, दुसरं काय? दुसऱ्या दिवशी ती दोघांचाच घेऊन आली. शिलाई मशीन सरकवलं, टेबल सरकवलं, आणि दुकानाच्या मधोमध तंबू उभा केला.

तिने कापडाची कड त्याच्या हातात दिली तेव्हा त्याने अंगठ्याने शिवण चाचपली. "शिवण चांगली आहे," तो म्हणाला. "तुझं चुकलंय. पण तंबू छान आहे."

यावरून ती त्याच्याशी दिवसभर बोलली नाही. तो दिवस तिला पुढे फार महाग पडला, कारण असे दिवस मग थोडेच उरले होते. तो गेला तेव्हा तंबू दुकानात तसाच उभा होता. भेटायला आलेली माणसं त्याला वळसा घालून आत येत होती.

तो गेल्यावर बऱ्याच दिवसांनी तिने गाडी काढली. तंबू आडवा बांधला. सगळा रस्ता एकटीने चालवला आणि संध्याकाळी तळ्यावर पोचली. तंबू एकटीने उभा केला, हे ती त्याला मनातल्या मनात ऐकवतही होती: बघा, जमतं मला. प्रवासाने अंग आंबलं होतं, पडल्या पडल्या झोप लागली.

सकाळी जाग आली तेव्हा नाक कापडाला टेकलेलं होतं. एवढ्या मोठ्या तंबूत ती कोपऱ्यात अंग चोरून झोपली होती. बाहेर जायचं म्हणून ती वळली आणि सवयीने म्हणाली, "सरका हो—"

दाराकडची बाजू तशीच होती. काल तिच्याच हातांनी दुसरी चटई तिथे अंथरली होती, कधी ते तिला आठवेना. चटईवर एक सुरकुती नव्हती.

तेव्हा तिला कळलं तो काय सांगत होता. त्या दिवशी खाटेवरून त्याने हीच मोकळी जागा पाहिली होती. ती जागा तिच्या शेजारी येऊ नये, एवढ्यासाठीच त्याने एकटीचा धोशा लावला होता. तिला वाटलं होतं, तो हात टेकतोय.

"अहो, नीट सांगायचंत ना मला!" ती मोठ्याने म्हणाली आणि तोंडावर पांघरूण दाबून ओक्साबोक्शी रडली. "आणि मी दिवसभर बोलले नाही हो तुमच्याशी!"

रडणं ओसरल्यावर ती उठली. दार त्याच्याच बाजूला होतं. पायथ्याकडून कडेकडेने, त्याच्या चटईवर गुडघा पडू न देता, ती रांगत बाहेर आली. बाहेर चहा कोणी ठेवलेला नव्हता.