अठरा नंबरची हजेरी

मालन सुतारची हजेरी साठच भरली होती, म्हणून गुडघ्याच्या चार बोटं खाली ती संपत होती. त्यात नवल काही नव्हतं. कंपनीच्या आणि विद्यापीठाच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की एकूण तास शंभर, आणि पंचाहत्तर हजेऱ्या भरल्या की माणूस पूर्ण. सही आम्ही सगळ्यांनी केली, वाचलं कुणीच नव्हतं.

पहिल्या दिवशी तर आम्ही सगळ्या बाकावर नुसत्या भांगाएवढ्या होतो. हजेरी चढत गेली तसं कपाळ आलं, डोळे आले, खांदे आले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंड नसायचं तेव्हा डबा घरी परत न्यावा लागे. माझ्या नवऱ्याला वाटलं मी उपास धरलाय.

मी इंदुमती चौगुले. मी आणि मालन एकाच दिवशी कंपनीत लागलो, एकोणीस वर्षं शेजारी बसून भिंगाखाली सर्किट बोर्ड तपासले. कुठं सोल्डर सुटलंय ते बघायचं, एवढंच काम. आता ते कॅमेरा बघणार होता. आम्ही विद्यापीठात जाऊन कॅमेऱ्याला बघायला शिकवायचं, आणि पूर्ण होऊन आलो तर कंपनी परत घेणार. वर्गात माझा नंबर अठरा, तिचा एकोणीस.

अपुऱ्या माणसांचं काय होतं ते समोरच दिसत होतं. आमच्या आधीच्या तुकडीतले, पॅकिंगचे दत्ताराम लोहार चाळीसवर राहिले. कंपनी म्हणाली, हे विद्यापीठाचे विद्यार्थी. विद्यापीठ म्हणालं, हे कंपनीचे कामगार. मग त्यांना वर्गाच्या खिडकीत ठेवलं. कमरेपासून वर दत्तारामभाऊ अगदी ठणठणीत. रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि कुणी आत आलं की विचारायचे, "बस आली का?"

पंच्याऐंशी तास झाले आणि मालनचा फोन आला. "इंदे, सासूबाईंचं एका अंगावरनं वारं गेलंय गं. मला आता येणं होत नाही."

"तू नको येऊ. मी देते तुझी हजेरी," मी म्हणाले. माझं हे असंच. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

अवघड काहीच नव्हतं. आमचे खराडे सर, वय असेल पंचवीस, डोळे मिटून हजेरी घ्यायचे. म्हणायचे, "डोळे उघडले की माणसं दिसतात, मग हजेरीत घोळ होतो." नाव तीनदा घ्यायचे, मग पुढं. अठराला मी माझ्या आवाजात हजर म्हणायची, एकोणीसला मालनच्या. तिचा आवाज मला एकोणीस वर्षं कानात घेऊन पाठ होता.

तिकडं घरी मालनला पोटऱ्या आल्या. मग घोटे आले. फोनवर हसत होती, "अगं, टाच आली बघ आज!" मला बरं वाटायचं. पण माझी पायाची बोटं काही येईनात. मी चौऱ्याहत्तरवर होते ती चौऱ्याहत्तरवरच. जोडवी घालायला जागा नाही, म्हणून ती रुमालात बांधून फिरत होते.

ऑफिसात घाटगे मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "एका तोंडाची एकच हजेरी. दुसऱ्याची दिली की आपली एक जाते."

"हे आधी सांगायचं नाही होय?"

"करारात आहे."

माझं डोकंच सणकलं. पण भांडायचं कुणाशी? मनाशी म्हटलं, शेवटच्या तासाला मालन स्वतः येईल, तिची ती देईल, माझी मी देईन. दोघी पंचाहत्तर. बोटांएवढ्यासाठी कशाला जीव टाकायचा? आणि नव्व्याण्णव तासांपर्यंत देत राहिले.

आज शंभरावा. नणंद आली म्हणून मालन सुटली. जिन्यात भेटली, बोटं सोडून पूर्ण. तिनंही जोडवी मुठीत धरली होती. माझ्या रुमालाची गाठ सुटत होती, पडतील म्हणून मी माझीही तिच्याकडेच दिली.

"आलीस बाई एकदाची," मी म्हणाले. आवाज मालनचा निघाला.

"तू माझ्यासारखी काय बोलतेस?" मालन म्हणाली. आवाज माझा होता.

आम्ही दोघींनी खाकरून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. मला काही सुधरेना. घंटा झाली म्हणून आत जाऊन बसलो.

सरांनी डोळे मिटले. सतरापर्यंत पटापट झालं.

"अठरा. चौगुले इंदुमती."

"हजर सर," मी म्हणाले.

"सुतार मावशी, तुमचा एकोणीस. घाई करू नका." पेन रजिस्टरवर तसंच. "अठरा. चौगुले इंदुमती."

मी मालनकडं पाहिलं. माझा आवाज तिच्या तोंडात होता. ती हजर म्हणाली तर मी पूर्ण, पण तिची एक जाणार. मग एकोणीसला मी तिची दिली तर माझी एक जाणार. म्हणजे दोघीही परत चौऱ्याहत्तरवर. मी नाही दिली, तर ती त्र्याहत्तरवर. आणि ती आत्ता गप्प बसली, एकोणीसला मी तिची दिली, तर पूर्ण होणारी तीच. मी मनातल्या मनात हिशेब उलटा केला, सुलटा केला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मला रडू यायला लागलं आणि तेसुद्धा मालनसारखं.

"इंदे, काय करू गं?" कानाशी कुजबुज आली. माझ्याच आवाजात. विचारलं तिनं की मी, ते क्षणभर मलाच समजेना.

खिडकीतले दत्तारामभाऊ हातांवर जोर देऊन थोडे पलीकडं सरकले. "दोघी आलात तरी मावाल," ते म्हणाले. खिशातनं रुमाल काढून त्यांनी शेजारची फरशी पुसायला घेतली.

मालननं मूठ उघडली. चारी जोडवी एकाच सराफाकडची. कुठली तिची, कुठली माझी, ते तिलाही ओळखू येईना, मलाही.

"चौगुले इंदुमती," सर तिसऱ्यांदा म्हणाले.

मालननं तोंड उघडलं.