भिंतीवरचं सोयाबीन

"अजून पिवळा मार, धम्मशीला! फोटोत पाह्य, कसं सोन्यावानी दिसून राह्यलं!" हिंमतरावांनी खालून फर्मावलं.

शिडीवरच्या धम्मशीलेचं डोकं सकाळपासून तापलं होतं. शेगावातल्या हिंमतरावांच्या लॉजमधली जेवणघराची भिंत, हे तिचं दोन महिन्यांतलं पहिलं मोठं काम. भिंतीवर उतरवायचा फोटो पुण्याच्या एका यात्रेकरूने इकडच्या उंद्रीजवळ गाडी थांबवून काढलेला. पिवळंधमक शेत, कोपऱ्यात लाल ट्रॅक्टर आणि बांधावर पाठमोरा बसलेला म्हातारा.

ते शेत तिच्या बापाचं होतं. म्हाताराही तोच, रंगराव. पिवळेपण रोगाचं होतं. शेंगा भरल्याच नाहीत, म्हणून त्या दिवशी रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर आला आणि संध्याकाळपर्यंत उभं पीक मातीत गेलं. आणि पुण्याच्या त्या शहाण्याने फोटोखाली लिहिलं होतं, 'गावाकडची शांतता'!

"ट्रॅक्टर नको टाकू. बैलजोडी टाक. अन् बुढ्याले इकडं तोंड करून हसता दाखव."

"भाऊ, हे सोयाबीन रोगानं पिवळं पडलं हाय. अन् तो माहा बाप हाय."

"बरं मंग? जेवणाऱ्याले काय समजते? हसू दे त्याले."

पंधरा एकर बटईने, अर्ध्या वाट्यावर कसायला देऊन गल्ल्यावर बसलेल्या या माणसाला रोग कळत नव्हता, असं थोडंच होतं! धम्मशीलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने काळ्या रंगाचा डबा उघडला आणि रुंद ब्रशने अख्ख्या पिवळ्यावर काळी माती ओढली.

"काऊन वं? येडी झाली काय?"

"संध्याकाळी असंच दिसत होतं."

तिला तिथल्या तिथे हाकललं. चार दिवसांनी ती राहिलेली शिडी न्यायला गेली, तर भिंतीवर त्याच फोटोचं मोठं फ्लेक्स लागलेलं. ट्रॅक्टर गायब. एक बाई रंगरावांच्या पाठीला पाठ टेकवून सेल्फी काढत होती.

"ओ ताई, सरका तिथून," धम्मशीला कडाडली. "माहा बाप बसला हाय तिथं."

बाईने दचकून मागे पाहिलं, मोबाइल खाली घेतला आणि ती बाजूला झाली.