मेलेल्यानं बोलायचं नाही

उन्मेषनं बडोद्यात हा खेळ आणला तेव्हा लोकांना तो जुगार वाटला. फासे दिसले की आपल्याकडे दुसरं काही सुचतच नाही. खरं तर यात पैसा नाही, पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. दार उघडलं की नाही, वार बसला की नाही, ते फासे ठरवतात. अमेरिकेतल्या मावसभावानं दिलेलं एक पुस्तक आणि मूठभर रंगीत फासे, एवढ्यावर या गृहस्थानं गावभर मंडळ उभं केलं.

कारखान्यातली ड्यूटी संपली की स्कूटर काढायची आणि माणसं गोळा करत हिंडायचं. कारेलीबागेत ट्यूशनच्या पायऱ्यांवर पोरं गाठली, अकोट्यात कॉलेजची मिळाली, पाणीगेटला तर लग्नाचे मंडप बांधणारे दोघे भाऊ. लग्न मात्र याचंच राहिलं. मुलगी बघायला रविवार मोकळा लागतो, आणि याचा रविवार राक्षसांना दिलेला, असं त्याची आई लीलाताई येईल त्याला सांगायच्या.

एवढं करून तो स्वतः कधी खेळला नाही. सूत्रधार व्हायला दुसरं कोणी तयारच नसे. त्याच्या मनात एक मशालजी होता, पिलाजीराव नावाचा. तलवार नाही, काही नाही, फक्त सगळ्यांच्या पुढे उजेड धरून चालणारा. हे त्यानं एकट्या ऋचाला सांगितलं होतं. ती त्याची पहिली शिष्या.

खेळात ज्याचं पात्र मरे तो हुज्जत घाली, रुसे, बाकीच्यांना खेळू देत नसे. म्हणून उन्मेषनं रीत पाडली. मेलेल्यानं बोलायचं नाही. शेवटी सगळ्यांनी सेवउसळ खाऊन त्याचं तेरावं करायचं, प्रत्येकानं एक चांगला शब्द बोलायचा, आणि मग सूत्रधारानं त्याच्या हातात फासा ठेवला की तो पुन्हा जिवंत. पोरांना ही रीत इतकी आवडली की घरच्या खऱ्या श्राद्धापेक्षा ती कडक पाळली जाई.

त्या रविवारी अकोट्याच्या सोसायटी हॉलमध्ये तिन्ही ठिकाणची टेबलं एकत्र आली होती. अकोट्याचा धवल, नवी पुस्तकं मागवणारा हुशार पोरगा, सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, दर वखते तुम्हीच चालवता. आज तमे खेळा, खेळ हुं चलावीश."

उन्मेषनं सूत्रधाराची खुर्ची सोडली. पिलाजीराव मशाल घेऊन पुढे निघाला. पहिल्याच गुहेत, पहिल्याच वळणावर जमीन खचली. धवलनं पुस्तकाआड फासा टाकला, लगेच उचलला आणि पिलाजीराव मेला म्हणून जाहीर केलं. फासा काय पडला ते विचारायला उन्मेषनं तोंड उघडलं, तर धवलनं ओठांवर बोट ठेवलं. रीत पाळली जातेय याचं भोळ्याला बरंच वाटलं.

मग कोपऱ्यातल्या पातेल्यावरचं झाकण निघालं. सेवउसळ वाफाळत होती. खेळ सुरू व्हायच्या आधी कोणीतरी नदीपलीकडे जुन्या गावात जाऊन ती आणून ठेवली होती. पिलाजीराव जन्मायच्या आधीच त्याचं तेरावं शिजलं होतं. बशी हातात घेताना उन्मेषला ते कळलं.

धवल चांगला शब्द बोलला. पिलाजीरावानं सगळ्यांना वाट दाखवली, आता त्यानं आराम करावा. त्याच दमात पुढचंही सांगून टाकलं. मंडळ यापुढे तो चालवणार, गोष्टी इंग्रजी पुस्तकांतल्या असणार, पाणीगेटवाल्यांना त्या झेपणार नाहीत, तेव्हा ते टेबल बंद.

"कोणाला वांधो असेल तर आत्ताच बोला," तो म्हणाला.

सगळ्यांनी उन्मेषकडे पाहिलं. मंडपवाले भाऊ तर डोळे लावून बसले. त्याला बोलता येत होतं, जीभ काही झडली नव्हती. पण रडवेल्या पोरांना त्यानं याच रीतीनं गप्प केलं होतं. आज स्वतःसाठी ती मोडली तर आजवरचं सगळंच थोतांड ठरलं असतं, असं त्याला वाटलं. चीड येते अशा माणसाची.

पाळी ऋचाची आली. तिनं मान वर केली नाही.

"तो पुढे चालायचा," ती म्हणाली, आणि उसळीवर लिंबू पिळत राहिली.

मंडपवाले न खाताच उठून गेले. बाकीच्यांनी त्यांचाही वाटा संपवला. उन्मेष तळहात मांडीवर उघडा ठेवून बसला होता. धवलनं टेबलावरचे फासे, उन्मेषचेच, एकेक करून थैलीत भरले.

"दादा, हे माझ्याकडे राहू देत. पुढच्या रविवारी लागतील."

उन्मेषनं मान डोलावली. त्याच्या हातात अजून कोणी फासा ठेवला नव्हता.