चांदूच्या चामखिळी

"नीट धर गो मावशे, चावंल तो," शेजारची रुपाली लांबूनच म्हणाली.

लहानीने आपल्या कुत्र्याचं, चांदूचं डोकं मांडीत दाबलं आणि अंगठ्याने त्याचा ओठ वर केला. ओठांच्या आत, हिरड्यांवर, जिभेच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यांसारखं पांढरट काहीतरी दाटून आलं होतं. एक तुरा दातात सापडून फुटला होता. लहानीचा अंगठा रक्ताने माखला, पण कुत्रं चावलं नाही, नुसतं कण्हलं.

"ह्यो वाईट रोग हाय," रुपाली मागे सरली. "माझी पोरां दिसभर याच्याशी खेळतात. तानसाच्या रानात सोडून ये याला. नायतर आमीच सोडू."

लहानीने पदराने चांदूचं तोंड पुसलं. नवरा, झिपरू, वारल्यापासून ती तशी कमीच बोलायची. मजुरी मिळाली तर मजुरी, नाहीतर रानातली भाजी काढून शहापूरच्या बाजारात बसणं, एवढंच तिचं जगणं. गेल्या पावसाळ्यात हे कपाळावर पांढरा टिळा असलेलं पिल्लू दारात येऊन बसलं आणि घरात पुन्हा कोणाशी तरी बोलणं सुरू झालं. पेज शिजली की ती त्यालाच विचारायची, "मीठ बरोबर हाय का रे?"

सकाळी तिने चांदूला जुन्या लुगड्यात गुंडाळलं. टमटमवाल्याने त्याचं तोंड बघितलं आणि गाडी पुढे काढली. मग ती त्याला काखेत घेऊन चालतच शहापूरच्या गुरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बॅटरी लावून चांदूचं तोंड सावकाश पाहिलं.

"घाबरू नका, आजी. या चामखिळी आहेत. विषाणूमुळे होतात. कुत्र्याकडून कुत्र्याला लागतात, माणसाला नाही."

"पोरांना?"

"पोरांनाही नाही. काही महिन्यांत त्याचं अंगच त्यांना काढून टाकेल. तोवर मऊ खायला द्या. फार वाढल्या किंवा खाणं सुटलं तर परत आणा. फक्त दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा. चाटाचाटी, एका ताटात खाणं, यातूनच हे पसरतं."

"याला संगत नाय कोणाची. माझ्याच घरी जेवतो."

"कोणाची तरी असणार, आजी. कुठून तरी लागलंच ना त्याला."

घरी येऊन तिने आधी रुपालीला निरोप सांगितला. रुपालीने दोनदा खात्री करून घेतली, मग ओशाळून चांदूसाठी वाटीभर ताक आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी, चांदू कुठे जातो ते बघायला, लहानी कामाला गेली नाही. दुपार कलली तसा चांदू उठला, परड्यात गेला आणि कारवीच्या काठ्यांच्या कुंपणातल्या भोकातून पलीकडे शिरला.

पलीकडे मंगळूचं घर. मंगळू म्हणजे झिपरूचा धाकटा भाऊ. झिपरू तापाने फणफणला तेव्हा मंगळूने त्याला आधी झाडफूक करणाऱ्या भगताकडे नेलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. तेराव्यानंतर लहानीने एकटीने कारवी तोडून आणली आणि मधे हे कुंपण घातलं. त्या दिवसापासून ती दिराशी एक शब्द बोलली नव्हती.

ती भोकाशी वाकली. मंगळू उकिडवा बसून जर्मनच्या ताटात पेज ओतत होता. त्याची कुत्री आणि चांदू एकाच ताटात तोंड घालून लपालपा खात होते. कुत्रीच्या ओठावर दोन चामखिळी वाळत आल्या होत्या.

"हळू खा रे," मंगळू चांदूला म्हणत होता. "काल कुठं गेलतास? वयनी बरी हाय ना? रात्री खोकत होती."

लहानी उभी राहिली. कुंपणावरून दोघांची नजरानजर झाली. मंगळूचे केस पांढरे कधी झाले, ते तिने पाहिलंच नव्हतं.

"एका ताटात देऊ नको," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "डॉक्टरीण बोलली. लागतं एकमेकांना."

मंगळूने तपेली खाली ठेवली आणि कुत्रीला ताटापासून मागे ओढलं. "बरं, वयनी." मग तिचा ओठ बघत, "मी दवाखान्यात नाय नेली हिला. जाईल ना हिचं?"

"जाईल. चांदूचं पण जाईल."

"वयनी, तवा मला कळलं नाय..." तो कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "दादाला मी..."

"ठावं हाय मला," लहानी म्हणाली. "राहू दे आता."

मग मंगळू उठला, घरामागून कारवीच्या काठ्या घेऊन आला आणि भोकापाशी बसला.

"बुजवतो. नायतर येतच राहतील इकडं-तिकडं."

"बुजव," लहानी म्हणाली. चांदूला तिने आपल्याकडे ओढून घेतलं. "पण दोघं बरी झाली की काढ."

मंगळूने मान हलवली. तो काठ्या एकेक करून लावू लागला आणि या बाजूने लहानीने त्या धरून ठेवल्या. शेवटी त्याने वाखाची दोरी गुंडाळली आणि गाठ मारली. निरगाठ नव्हे, ओढताच सुटणारी सुरगाठ. तिचं टोक त्याने काठ्यांमधून लहानीच्या बाजूला काढून ठेवलं.