बॅगांपाशी कोण बसणार

आमच्या घरात कुणी उगाच माझे लाड केले की मी सावध होते. याला पुरावे आहेत. मी सात वर्षांची असताना पप्पांनी मला चिक्कडपल्लीत नेऊन दोन स्कूपचं आइस्क्रीम खाऊ घातलं आणि दुसऱ्या दिवशी माझे टॉन्सिल काढले. सहावीत न मागता सायकल मिळाली. आठ दिवसांनी कळलं की माझी शाळा बदलली आहे आणि नवी शाळा सायकलने जाण्याएवढी लांब आहे. त्यामुळे दहावीचा शेवटचा पेपर देऊन मी नल्लकुंट्याला घरी आले आणि पप्पा म्हणाले, "प्रियू, दोन दिवस फॅमिली हॉटेलात राहायला जायचं, शेजारीच अम्युझमेंट पार्क आहे," तेव्हा मी लगेच सावध झाले.

पप्पांचं मलकपेठेत औषधांचं दुकान आहे. ऐन दिवाळीतसुद्धा ते अर्धं शटर वर ठेवतात, कारण माणसं आजारी पडताना सण बघत नाहीत म्हणे. ते पप्पा दोन दिवस दुकान बंद ठेवणार, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि कुठे ते मला बरोबर माहीत होतं. हैदराबादेत दहावीनंतर इंटर असतं, म्हणजे तुमची अकरावी-बारावी. ते शहराबाहेरच्या कॉलेजात हॉस्टेलला राहूनच करायचं असं आमच्या अर्ध्या गल्लीचं मत आहे. वरच्या मजल्यावरची केतकी मागच्या वर्षी तशी गेली. पहाटे पाचला उठवतात, दिवसभर घोकायला बसवतात, घरी फोन फक्त रविवारी. दसऱ्याला आली तेव्हा मी विचारलं, कसं आहे गं? ती म्हणाली, "लाइट घे," म्हणजे आमच्याकडे 'मनावर घेऊ नकोस', आणि जेवता जेवता ताटावरच झोपली.

मला घर सोडायचं नव्हतं. आमचं घर काही फार ग्रेट आहे असं नाही. बाथरूमचं दार लागत नाही आणि माझा नऊ वर्षांचा भाऊ संदेश माझ्या वह्यांवर क्रिकेटचे स्कोअर लिहितो. पण मला तिथेच राहायचं होतं, बस.

हॉटेलच्या दारावर 'ओन्ली फॅमिलीज' अशी पाटी होती. फॅमिली आहोत हे सिद्ध करायला चौघांची आधार कार्डं द्यावी लागली. संदेश स्वतःच्या कार्डावरचा तान्ह्या बाळाचा फोटो बघून रिसेप्शनवरच रुसला. खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते. पप्पांनी त्यांचे चारी बाजूंनी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले आणि मग त्या टॉवेलांना कुणी हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. आईने घरून टॉवेल आणलेच होते. तिने दोन डबे भरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणीही आणली होती. फॅमिली हॉटेल म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. घरातलं सगळं उचलायचं, एका खोलीत कोंबायचं आणि वर त्याचं भाडं द्यायचं.

दुपारी आई आणि पप्पा गॅलरीत बोलत उभे होते. मी पडद्यामागे होते, म्हणजे मुद्दामच होते.

"दोनच वर्षं तर आहेत," आई म्हणत होती. "सुटीला येणं होईलच की."

"मंदार हॉस्टेलची चौकशी करून आलाय," पप्पा म्हणाले. मंदार म्हणजे पप्पांच्या दुकानात औषधं पोचवणारा माणूस, तो गावोगाव फिरतो. "साधं आहे म्हणाला, पण जेवण घरच्यासारखं आहे."

"सोमवारपर्यंत कळवायचंय."

"आधी प्रियूला सांगू. उद्या रात्री जेवताना. दिवसभर खेळून खूश असेल तेव्हा."

मी पडद्यामागे उभी राहून खूश होण्याचा कार्यक्रम रद्द केला. त्याऐवजी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, भाषणाची तयारी केली. रडायचं नाही, ओरडायचं नाही, मुद्द्याचं बोलायचं. माझ्या मार्कांबद्दल तर अवाक्षर काढायचं नाही, कारण तो मुद्दा कुणाच्याच बाजूने जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पप्पांनी माझ्यासाठी रांगेत उभं राहून तीनदा डोसा आणला. तिसऱ्या डोशाला उरलीसुरली शंकाही गेली.

पार्कच्या दारात बॅगा तपासत होते. "खाना अंदर नक्को मॅडम," गार्ड म्हणाला. आई म्हणाली, "हौ भय्या, पोरांचे कपडे हैं." धपाटे खरोखरच कपड्यांखाली होते, त्यामुळे ती तशी खोटं बोलली नाही. वीस वर्षं बँकेत काउंटरवर बसलेली बाई आहे ती. तिच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नाही. गार्डलाही कळलं नाही.

आत गेलं की पहिला प्रश्न येतो, बॅगांपाशी कोण बसणार. आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. सावलीतला बाक दिसला की आई बसते. मग तिच्या मांडीवर चष्मे, पाकिटं आणि सगळ्यांचे मोबाइल जमा होतात, कारण पाळण्यात मोबाइल न्यायला बंदी आहे. तिथे लॉकर होते, पण लॉकरला पैसे पडतात आणि आई फुकट असते. मी आजवर तीन पार्क पाहिले. तिन्हीकडे आईने फक्त बाक पाहिला.

चार वाजेपर्यंत मी सगळ्यांत बसून घेतलं. उलटं टांगणाऱ्यात, गरगर फिरवणाऱ्यात, पाण्यात आपटणाऱ्यात. कशातच मजा आली नाही. उलटं लटकलेलं असतानासुद्धा मी भाषणच पाठ करत होते. शेवटी पप्पा आणि संदेश मोठ्या पाळण्याच्या रांगेत लागले तेव्हा मी बाकावर आईजवळ जाऊन बसले.

"आई, मला एक बोलायचंय. मध्ये बोलू नकोस."

"बोल की."

"दोनच वर्षं असं वाटतं. जाणाऱ्याला वाटतं. पण मागे राहतात त्यांचं काय? संदेशचं काय? तो अजून अंधारात पाणी प्यायला एकटा उठत नाही. पप्पा रात्री दहाला येतात. घरातलं एक माणूस कमी झालं की मग ते घर राहत नाही, हॉटेलच होतं. आणि कशासाठी गं? थोडं पुढे जाण्यासाठी? नाही गेलं पुढे तर काय बिघडतं? इतकी वर्षं चाललंच ना आपलं? ज्याला आपल्या माणसांची किंमत आहे तो असं सोडून जात नाही, आणि कुणाला जायला लावतही नाही."

शेवटचं वाक्य मला तिथेच सुचलं. ते इतकं छान जमलं की माझ्याच अंगावर काटा आला.

आई समोरच्या पॉपकॉर्नच्या गाडीकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "तुला कळलं होय."

"मी काय लहान आहे?"

"नाहीस. मला वाटलं होतं तू..." ती थांबली. मग तिने माझ्या गालावरचा सॉस पदराने पुसला. "बरं. तुझं खरं आहे. राहू दे मग. जा, पप्पा बोलावतायत. फोन ठेव इथे."

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मी अक्षरशः उड्या मारत पाळण्याच्या रांगेत घुसले.

आमचा डबा हलला तसे पप्पांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि डोळे मिटून घेतले. पप्पांना उंचीची भीती वाटते, पण तिकिटात सगळं धरलेलं असल्यामुळे ते काहीच सोडत नाहीत. संदेश खिडकीला नाक लावून बसला होता.

"पप्पा," मी म्हणाले, "माझं आणि आईचं बोलणं झालंय. सगळं कॅन्सल."

"आईने सांगितलं तुला?" पप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "रात्री सांगायचं ठरलं होतं. काय कॅन्सल?"

"माझं हॉस्टेल."

"तुझं कुठलं हॉस्टेल?"

पाळणा थांबला. खाली माणसं चढत होती. आणि मग हैदराबादच्या एवढ्या उंचावरून, डोळे गच्च मिटून, पप्पांनी मला आमच्या घरातली बातमी सांगितली. आई ऑफिसरची परीक्षा पास झाली होती. प्रमोशन घ्यायचं तर दोन वर्षं आदिलाबादच्या शाखेत जावं लागणार होतं. तिथे बायकांच्या हॉस्टेलमध्ये खोली मिळत होती. ही परीक्षा ती तिसऱ्यांदा पास झाली होती. पहिल्यांदा मी लहान होते म्हणून सोडलं, दुसऱ्यांदा संदेश पोटात होता.

"ती अभ्यास कधी करत होती?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरात. तांदळाच्या डब्याला पुस्तक टेकवून. तू बघितलं नाहीस?"

मी बघितलं होतं. मला वाटलं होतं, संदेशचा अभ्यास घेतेय.

"तू तर घरीच राहून इंटर करायचं," पप्पा म्हणाले. "संदेशकडे बघायला कुणीतरी पाहिजे ना. आई म्हणाली, प्रियू हो म्हणाली तरच जाते. तू काय म्हणालीस तिला?"

मी खाली पाहिलं. आई बाकावर वाकून फोनवर काहीतरी लिहीत होती, बहुधा बँकेला नकारच. आई एका बोटाने टाइप करते. 'ओके' पाठवायला तिला अर्धं मिनिट लागतं. माझी सगळी भिस्त आता त्या एका बोटावर होती.

"पप्पा, फोन करा आईला."

"फोन तिच्याकडेच आहेत सगळे."

मी खिडकीच्या जाळीला तोंड लावून "आई" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. लाउडस्पीकरवर तेलुगू गाणं जोरात लागलं होतं. तरी तिने मान वर केली, मला पाहिलं, आणि मला मजा येतेय असं समजून हात हलवला. मग पुन्हा खाली बघून लिहायला लागली.

आता खरं सांगते. तेव्हा मला असंही वाटलं की पाठवू दे. मी मुद्दाम थोडंच केलं होतं? ती घरी राहील, मी घरी राहीन, धपाटे राहतील, आणि माझ्यावर कुणी ठपका ठेवणार नाही. पूर्ण एक फेरी मी असाच विचार केला. मला माझी लाज वाटली आणि तरीही तो विचार जाईना. दुसऱ्या फेरीत ते तांदळाच्या डब्याला टेकलेलं पुस्तक आठवायला लागलं. त्याला तिने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, आम्ही शाळेत घालतो तसं. तिसऱ्या फेरीला मी पाळणावाल्याला "अण्णा, आपु, आपु", म्हणजे थांबव थांबव, असं तेलुगूत ओरडले. त्याला वाटलं मी घाबरले. घाबरलेल्यांना तो बहुधा आणखी एक फेरी फुकट देत असावा, कारण आम्हालाही दिली.

उतरून मी बाकाकडे पळत सुटले. आईने फोन पर्समध्ये टाकला होता.

"पाठवलं एकदाचं," ती म्हणाली. "सुटले."

"आई, मी माझ्या हॉस्टेलबद्दल बोलत होते. केतकीसारखं. मला वाटलं मला पाठवताय."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग ती हसायला लागली. "तुला? तुझ्या मार्कांवर तुला कोण घेतंय?"

"हसू नकोस. परत लिही. येते म्हणून लिही. सोमवारपर्यंत मुदत आहे ना?"

"पण तू बोललीस ते कुठे चूक होतं?" तिचं हसू गेलं होतं. "मागे राहणाऱ्यांचं काय म्हणालीस. मलाही तेच वाटत होतं. संदेश खरंच अंधारात उठत नाही."

"मी उठवीन त्याला. पाणी उशाशी ठेवीन."

"आणि ते घराचं हॉटेल?"

"मी स्वतःसाठी बोलत होते आई. संदेशला मध्ये घातलं, बस. मला भीती वाटत होती. अजूनही वाटतेय. तू गेलीस तर मला नाही आवडणार, रोज नाही आवडणार." मला रडू आलं, जे भाषणात मुळीच नव्हतं. "पण तू जा."

पॉपकॉर्नवाल्याने गाडी हलवून सावलीत नेली. मग आईने फोन काढून माझ्या हातात दिला.

"तू लिही. माझं बोट दुखलं. मी जरा पाळण्यात बसून येते."

"तू?"

"तिकिटात धरलंय म्हणे."

पप्पा पुन्हा चढायला तयार नव्हते. ते बाकाच्या टोकाला डोकं धरून बसले. संदेश तिच्याबरोबर गेला. मी बॅगांपाशी बसले. तीन मोबाइल, दोन चष्मे, ओल्या कपड्यांची पिशवी आणि तीन धपाटे शिल्लक. बाक भलताच कडक होता.

मी इंग्रजीत चांगलं खणखणीत लिहिलं. आधीचा मेल रद्द समजावा. मी प्रमोशन आणि बदली दोन्ही स्वीकारत आहे. शेवटी मला राहवलं नाही म्हणून एक वाक्य घातलं, की माझ्या मुलीने याला परवानगी दिली आहे.

आई उतरून आली. तिच्या अंबाड्यातले केस वाऱ्याने सुटले होते आणि ते आवरायचं तिच्या लक्षात नव्हतं. तिने माझ्याकडून फोन घेतला, चष्मा लावला आणि वाचलं. मग एका बोटाने ते शेवटचं वाक्य मागून पुढे एकेक अक्षर खोडत गेली. पूर्णविराम, मग परवानगी, मग मुलगी. मेल पाठवला, फोन माझ्या मांडीवर ठेवला, पर्सही ठेवली.

"बस इथेच," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा पाळण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.